जुन्या एमजीबीचा ऑइल फिल्टर कसा बदलावा?

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून एमजीबी ही स्पोर्ट्स कार बनू लागली. सुरुवातीच्या गाड्यांत फिल्टर म्हणजे धातूचा डबा, आत बदलायची गाळणी आणि मधोमध एक लांब बोल्ट.

इंजिन थोडं गरम करून बंद करा, जुनं ऑइल काढा. खाली भांडं ठेवून बोल्ट सोडवा, डबा धुऊन पुसा. आता महत्त्वाचं! वरच्या खाचेतली जुनी रबरी रिंग टाचणीने काढाच. तिच्यावरच नवी बसवली तर डबा नीट बसत नाही, दाबाखालचं ऑइल गळून जातं आणि बेअरिंगं खराब होतात.

नवी रिंग, नवी गाळणी बसवून बोल्ट बेताने आवळा. ऑइल भरा, इंजिन सुरू करा. प्रेशरचा काटा वर चढला ना? मग वाकून गळती तपासा.