डाव बरोबरीत सुटला, मग जिंकलं कोण?



शनिवारी सकाळची शाळा सुटली की अल्लीपूरला आमचा बुद्धिबळाचा तास असतो. परवा सातवीतली एक मुलगी आणि सहावीतला एक मुलगा खेळत होते. शेवटी पटावर दोन राजे आणि मुलीचं एकच पांढरं प्यादं उरलं, तेही कडेचं, ए पट्टीतलं. मुलगा वजीर गमावून बसला होता, तरी त्याने राजा पळवत पळवत ए८ च्या कोपऱ्यात नेला. पांढरा राजा बी६ वर, प्यादं ए६ वर. मुलीने प्यादं ए७ वर सरकवलं आणि काळ्याला जायला घरच उरलं नाही. शह नाही, चालही नाही. म्हणजे स्टेलमेट, दोघांना अर्धा-अर्धा गुण.

दारात उभ्या वडिलांनी विचारलं, "सर, मंग जिकलं कोन?" मुलगी रडायला आली होती.

मी तीच स्थिती पुन्हा मांडली. ए७ ही चूक होती का? मुलांनी सगळ्या चाली करून पाहिल्या. कोपरा काळ्या राजाच्या ताब्यात असला की कडेचं प्यादं वजीर होत नाही, काहीही खेळा. तेच प्यादं मधल्या पट्टीत असतं आणि पांढरा राजा त्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला असता, तर डाव जिंकता आला असता. म्हणजे तिचं चुकलं ते बऱ्याच आधी, प्यादी मारामारीत देऊन कडेचं तेवढं ठेवलं तेव्हा. हे कळल्यावर तिचं रडू थांबलं, कारण आता शोधायला काहीतरी होतं.

वडिलांना मी आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं सांगितलं. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, जॉर्जियातल्या बाटुमीला, कोनेरू हंपीविरुद्ध तिचे २६ आणि २७ जुलैचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले. २८ तारखेला जलद डाव झाले, त्यातलाही पहिला बरोबरीत. दुसरा तिने जिंकला, विश्वचषक मिळाला आणि ग्रँडमास्टर किताबही. चारातले तीन डाव बरोबरीचे!

एक कबुली देतो. मागे एका स्पर्धेत वेळ कमी म्हणून बरोबरीचा डाव मी नाणं उडवून निकाली काढला होता. हरलेली मुलगी नंतर तासाला आलीच नाही. आता अर्धा गुण अर्धाच लिहितो, फेरी वाढली तरी चालेल.

पुढच्या शनिवारी त्या दोघांना रंग बदलून बसवणार आहे. मुलीने आत्ताच विचारून ठेवलंय, "सर, मधलं प्यादं ठेवलं तर?"