संगणकातील पत्रदप्तराची आवराआवर आणि पत्रांचे रक्षण

१. पाठाचा हेतू

जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि आवक-जावक नोंदवही यांची निगा राखणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. संगणकात साठविलेला शाळेचा पत्रव्यवहार हाही आता त्याच दप्तराचा भाग झाला आहे. कागदी दप्तराला वाळवी लागते, ते पावसाने भिजते. म्हणून आपण त्याची काळजी घेतो. संगणकातील दप्तराला वाळवी लागत नाही. परंतु आवराआवर करतानाच त्यातील पत्रे नाहीशी होण्याचा संभव असतो. ही हानी का होते व ती कशी टाळावी, हे समजून घेणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

ज्या शाळांत ई-मेल केवळ ब्राउझरमध्ये उघडून वाचली जाते, तेथे पत्रे दूरच्या सर्व्हरवर असतात व हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. परंतु जेथे पत्रे संगणकावर उतरवून घेणारा कार्यक्रम वापरला जातो, तेथील शिक्षकबंधु-भगिनींनी हा पाठ लक्षपूर्वक अभ्यासावा. उदाहरणासाठी येथे ‘थंडरबर्ड’ हा कार्यक्रम घेतला आहे. मोझिला संस्थेने त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली प्रसिद्ध केली. तो विनामूल्य असून विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींवर चालतो.

२. पत्रे कशी साठविली जातात

पडद्यावर इनबॉक्स उघडला म्हणजे पत्रांची यादी दिसते. प्रत्येक पत्र निराळा कागद असून ते कपाटात सुटे ठेवले आहे, असे आपणांस वाटते. वस्तुस्थिती तशी नसते. थंडरबर्डच्या नेहमीच्या रचनेत एका फोल्डरातील सर्व पत्रे एकाच लांबलचक फाइलीत, एकाखाली एक, उतरवून ठेवलेली असतात. या पद्धतीस ‘एमबॉक्स’ म्हणतात. ती जुन्या युनिक्स प्रणालीपासून चालत आलेली आहे. नवे पत्र कोठे सुरू झाले हे कळावे म्हणून त्याच्या आरंभी ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते. ही जणू नक्कल-वहीच आहे. नवीन पत्र आले की ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहावयाचे, इतके हे काम सोपे असते.

परंतु हजारो पत्रांच्या वहीत हवे ते पत्र त्वरित सापडावे कसे? त्यासाठी कार्यक्रम एक निराळी अनुक्रमणिका ठेवतो. ‘इनबॉक्स’ नावाच्या मूळ फाइलीशेजारी ‘इनबॉक्स’ या नावापुढे ‘एमएसएफ’ हे प्रत्यय असलेली एक लहान फाइल दिसते, तीच ही अनुक्रमणिका. पडद्यावरील यादी आपण पाहतो ती या अनुक्रमणिकेची, वहीची नव्हे. हा भेद ज्याला समजला त्याला या पाठाचे अर्धे मर्म समजले. अनुक्रमणिका बिघडली तर ती वहीवरून पुन्हा तयार करता येते. वही गेली तर अनुक्रमणिकेवरून ती तयार करता येत नाही.

३. खोडणे व पुन्हा लिहिणे

आपण एखादे पत्र काढून टाकतो तेव्हा ते प्रथम ‘ट्रॅश’ या फोल्डरात जाते, म्हणजेच त्याची नक्कल ट्रॅशच्या वहीत होते. मूळ वहीत मात्र ते पत्र तसेच राहते. केवळ ‘हे पत्र रद्द’ अशी खूण होते. हजेरीपटावर नाव कमी करताना आपण तांबड्या शाईची रेघ मारतो, पान फाडीत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे शंभर पत्रे काढून टाकली तरी फाइलीचा आकार घटत नाही. कालांतराने वहीत जिवंत पत्रांपेक्षा रेघ मारलेली पत्रेच अधिक होतात व कार्यक्रम मंदावतो.

या उपद्रवावर उपाय म्हणून ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा दिलेली आहे. कपडे दाबून ट्रंकेत बसवावेत तशी पत्रे दाबून लहान केली जात असावीत, असा या शब्दावरून समज होतो. तो बरोबर नाही. कॉम्पॅक्ट करणे म्हणजे संपूर्ण वही नव्याने उतरवून काढणे होय. कार्यक्रम एक कोरी तात्पुरती फाइल घेतो, रेघ न मारलेली पत्रे क्रमाने तीत उतरवितो, जुनी फाइल दूर करतो आणि नव्या फाइलीस जुनीचे नाव देतो. हे काम पूर्ण झाले की रेघ मारलेली पत्रे त्या वहीतून कायमची जातात.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, एखादे पत्र चुकून काढून टाकले गेले व ट्रॅशही रिकामा झाला, तरी कॉम्पॅक्ट होईपर्यंत ते मूळ फाइलीत असते. अशा वेळी काहीही न आवरता कार्यक्रम बंद करावा, फाइलीची प्रत काढून ठेवावी आणि जाणकाराचे साहाय्य घ्यावे. दुसरी अशी की, एकमेव असलेली वही पुन्हा उतरविणे हे जोखमीचे काम आहे.

४. हानीची कारणे

(अ) काम अर्धवट थांबणे. पुनर्लेखन चालू असताना वीज गेली अथवा संगणक बंद केला तर वही व अनुक्रमणिका यांचा मेळ बिघडतो. ‘एनएसटीएमपी’ अशा नावाचा अनोळखी फोल्डर यादीत दिसू लागला तर मागील पुनर्लेखन अपुरे राहिले आहे असे समजावे. मूळ फोल्डरातील पत्रे तपासून पाहिल्याशिवाय तो काढून टाकू नये.

(आ) जागा अपुरी असणे. जुनी व नवी अशा दोन्ही वह्या काही काळ एकाच वेळी अस्तित्वात असतात. इनबॉक्सची फाइल २ जीबीची असेल तर डिस्कवर निदान तेवढी तरी मोकळी जागा हवी. आवराआवर जागा नाही म्हणूनच काढलेली असते, हे येथे विशेषेकरून ध्यानात घ्यावे.

(इ) विषाणुरोधक कार्यक्रमाचा हस्तक्षेप. एका पत्रास जोडलेली फाइल दूषित आढळली तर असा कार्यक्रम कधी कधी ती ज्या फाइलीत आहे ती संपूर्ण फाइलच बंदिस्त करतो. सर्व पत्रे एकाच फाइलीत असल्यामुळे एका दोषी पत्रापायी सारा इनबॉक्स दिसेनासा होतो.

(ई) अनुक्रमणिकेचा बिघाड हीच पत्रांची हानी समजणे. हे कारण सर्वांत दुःखदायक, कारण येथे हानी आधी झालेली नसते. ती घाईने ओढवून घेतली जाते.

माझ्या पाहणीत आलेले एक उदाहरण येथे देतो. ऊसतोडीसाठी गेलेल्या कुटुंबातील एक मुलगी साखर कारखान्याजवळच्या शाळेत चार महिने बसली होती. तेथील शिक्षकांनी तिच्या हजेरीची व मूल्यमापनाची नोंद मूळ शाळेस ई-मेलने पाठविली. ती पत्रे संगणकावर उतरवून घेतली गेली होती व सर्व्हरवरील प्रत राहिली नव्हती. एके दिवशी इनबॉक्स रिकामा दिसू लागला. तेथील शिक्षकांनी पत्रे गेलीच असे मानून ते खाते काढून टाकले व नवे उघडले. खाते काढताना ‘पत्रांची माहितीही काढावी काय’ या चौकटीत होकाराची खूण केली गेली. त्या क्षणापर्यंत इनबॉक्सची फाइल शेकडो एमबीची, म्हणजे भरलेलीच होती. बिघडली होती ती केवळ अनुक्रमणिका. मुलीची नोंद दुसऱ्या शाळेस पुन्हा लिहून दोन महिन्यांनी मिळाली, आणि तेवढे दिवस ती शाळेत नियमित बसलेली असूनही दप्तराच्या दृष्टीने गैरहजर राहिली. इतर अनेक पत्रे मात्र मिळाली नाहीत. कारण ती कोणाकोणाची होती याची यादीही त्यांच्याबरोबरच गेली होती.

५. सर्व्हरवरील प्रतीविषयी

पत्रे मिळविण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘पॉप’ पद्धतीत पत्रे संगणकावर उतरतात. सर्व्हरवर प्रत ठेवावी की नाही, व किती दिवस, हे खात्याच्या सेटिंग्जमध्ये ठरविता येते. ती नोंद प्रत्येकाने स्वतः उघडून पाहावी. ‘आयमॅप’ पद्धतीत मूळ पत्रे सर्व्हरवर असतात व संगणकावर त्यांचे प्रतिबिंब राहते. म्हणून आयमॅपमध्ये भीती नाही असे पुष्कळांना वाटते. परंतु प्रतिबिंब म्हणजे दुसरी प्रत नव्हे. संगणकावर पत्र काढून टाकले की ते सर्व्हरवरूनही निघून जाते. दुसरी प्रत तीच, जी पहिलीत फेरफार केला तरी बदलत नाही.

६. आवराआवरीची रीत

पुढील क्रम भिंतीवर लावून ठेवण्याजोगा आहे.

१. आधी प्रत, मग आवराआवर. ‘हेल्प’ या मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ येथे ‘प्रोफाइल फोल्डर’ उघडण्याची सोय आहे. तो फोल्डर कोठे आहे हे पाहून घ्यावे, कार्यक्रम पूर्णपणे बंद करावा व नंतर संपूर्ण फोल्डराची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. कार्यक्रम चालू असताना काढलेली प्रत विश्वसनीय नसते.

२. प्रत पडताळावी. मूळ व प्रत यांचे आकार जुळतात काय ते पाहावे. अनेक पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ या रचनेचे असतात व त्यांवर ४ जीबी वा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, हे ध्यानात ठेवावे.

३. इनबॉक्स हलका ठेवावा. इनबॉक्स ही ओसरी आहे, कोठार नव्हे. पत्रे शैक्षणिक वर्षवार व विषयवार फोल्डरांत ठेवावीत. फोल्डर लहान असला तर त्याचे पुनर्लेखन लवकर होते, आणि अपघात झालाच तर हानीही तेवढ्यापुरतीच होते.

४. महत्त्वाची पत्रे हलवू नयेत. त्यांची नक्कल करावी. नव्या फोल्डरात ती उघडतात याची खात्री झाल्यावरच मूळची काढावीत.

५. संख्या लिहून ठेवावी. कॉम्पॅक्ट करण्यापूर्वी प्रत्येक फोल्डरातील पत्रांची संख्या वहीत लिहावी व नंतर ताडून पाहावी.

६. एका वेळी एकच फोल्डर घ्यावा. वीज खात्रीची नसेल तर ते काम त्या दिवशी करू नये. काम चालू असताना संगणकास दुसरे काम सांगू नये.

७. कार्यक्रम स्वतःहून कॉम्पॅक्ट करण्याविषयी विचारील तेव्हा लगेच होकार देऊ नये. प्रत ताजी असेल तरच द्यावा.

८. ट्रॅश सर्वांत शेवटी, निदान आठवडाभराने रिकामा करावा.

९. फोल्डर रिकामा अथवा विस्कळीत दिसला तर प्रथम फाइलीचा आकार पाहावा. फाइल मोठी असेल तर पत्रे बहुधा आत आहेत. कार्यक्रम बंद करून प्रत काढावी. मग कार्यक्रम पुन्हा उघडून फोल्डराच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रिपेअर फोल्डर’ ही आज्ञा द्यावी. तिने अनुक्रमणिका नव्याने तयार होते.

१०. ज्या पत्रावर एखाद्या विद्यार्थ्याचा हक्क अवलंबून आहे, त्याची छापील प्रत काढून आवक क्रमांकासह दप्तरी लावावी.

प्रत्येक पत्रास स्वतंत्र फाइल देणारी ‘मेलडिर’ नावाची दुसरी पद्धतही आहे व थंडरबर्डमध्ये खाते उघडताना तिचा पर्याय मिळतो. तीत एका फाइलीच्या बिघाडाने सर्व पत्रे धोक्यात येत नाहीत. तथापि तीही प्रत काढण्याच्या कर्तव्यातून आपणांस मुक्त करीत नाही.

७. वर्गात करून दाखविण्याजोगा प्रयोग

सहावी-सातवीच्या मुलांना हा विषय संगणकावाचूनही शिकविता येतो. एका वहीत मुलांकडून दहा छोटी पत्रे एकाखाली एक लिहून घ्यावीत व एका कार्डावर त्यांची अनुक्रमणिका करावी. तीन पत्रांवर तांबडी रेघ मारावी. मग एका मुलास उरलेली सात पत्रे नव्या वहीत उतरविण्यास सांगावे. चौथे पत्र चालू असताना ‘वीज गेली’ असे म्हणून त्यास थांबवावे व विचारावे: आता कोणती वही खरी? जुनी फेकून दिली असती तर काय झाले असते? शेवटी कार्ड फाडून टाकावे व मुलांकडूनच ते पुन्हा तयार करून घ्यावे. अनुक्रमणिका व वही यांतील भेद मुलांच्या मनावर ठसण्यास याहून सोपे साधन नाही.

८. स्वाध्याय

(१) आपल्या शाळेच्या खात्याची पद्धत पॉप आहे की आयमॅप, ते पाहून नोंद करा. (२) इनबॉक्सच्या मूळ फाइलीचा आकार व डिस्कवरील मोकळी जागा यांची तुलना करा. (३) शेवटची प्रत कोणत्या दिनांकास काढली, ती कोठे ठेवली व ती उघडून कोणी पाहिली, हे आवक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा. (४) शाळेचा पदभार देताना व घेताना संगणकातील पत्रदप्तराचा उल्लेख यादीत करा.

या चारही प्रश्नांची उत्तरे पुढील केंद्रसंमेलनास सोबत आणल्यास त्यांवर एकत्र चर्चा करता येईल.