खेळाडू ते प्रशिक्षक : टो ब्लेक

चांगला खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असे नाही. खेळाडूने स्वतः खेळायचे असते. प्रशिक्षकाने दुसऱ्यांकडून खेळवून घ्यायचे असते. हा फरक मला कॅनडातील टो ब्लेक यांच्या चरित्रावरून उमगला.

आइस हॉकी बर्फावर, चेंडूऐवजी रबरी चकतीने खेळतात. ब्लेक हे माँट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाचे नामवंत आघाडीवीर. १९३९ साली लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान त्यांना मिळाला. १९४८ मध्ये पाय मोडला आणि त्या लीगमधील त्यांचा खेळ संपला. मग दुय्यम संघांना शिकवून १९५५ मध्ये ते आपल्याच जुन्या संघाचे प्रशिक्षक झाले.

त्या काळी गोलरक्षक उघड्या चेहऱ्यानेच खेळत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या सामन्यात चकती लागून ब्लेक यांचा गोलरक्षक झाक प्लान्त रक्तबंबाळ झाला. टाके घातल्यावर त्याने बजावले, "मुखवट्याशिवाय उतरणार नाही." ब्लेक यांचा मुखवट्याला विरोध होता, पण राखीव गोलरक्षक नव्हता. नाइलाजाने त्यांनी संमती दिली. संघ तो सामना जिंकला आणि त्या मोसमाचा स्टॅन्ली चषकही. तोही लागोपाठ पाचवा!

१९६८ मध्ये निवृत्त होईपर्यंत ब्लेक यांनी १३ मोसमांत ८ चषक मिळवून दिले. मला मात्र त्या आकड्यांपेक्षा ती नाइलाजाची संमतीच मोठी वाटते. शिकवणाऱ्याला कधीकधी 'आमच्या वेळी असे नव्हते' हे शब्द गिळावे लागतात. खरा प्रशिक्षक तिथेच घडतो.