फुफ्फुसातील रक्तगुठळी व सी.टी. अँजिओग्राफी : एक अभ्यास

सातारा-सांगली परिसरात दम लागणे आणि थुंकीतून रक्त पडणे या दोन तक्रारी एकत्र आल्या, की घरच्यांच्या मनात प्रथम क्षयाची शंका येते. तसे होणे स्वाभाविक आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उभारले आणि पुढे जवळच वॉन्लेसवाडीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. या रोगाशी आपल्या भागाचा परिचय इतका जुना आहे. परंतु फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेल्या रक्ताच्या गुठळीचीही हीच लक्षणे असू शकतात, आणि तेथे आठवडे नव्हे, तास मोजावे लागतात.

ही गुठळी बहुधा पायाच्या खोल शिरेत तयार होते व तेथून सुटून हृदयाच्या उजव्या भागामार्गे फुफ्फुसात जाऊन बसते. खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळलेली वृद्धा, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण, कर्करोगाचा रुग्ण आणि बाळंतीण यांना धोका अधिक. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे विशेष जपण्याचे. बाजेवर पडून राहण्याचा आपल्याकडील सव्वा महिना नेमका त्याच काळात येतो. विश्रांतीस आमचा विरोध नाही. घरातल्या घरात तिने हिंडते-फिरते राहावे, एवढे मात्र सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांना आम्ही आवर्जून सांगतो.

छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये गुठळी प्रत्यक्ष दिसत नाही. कित्येकदा तो निर्दोषच असतो. ईसीजीतील बदल हृदयविकाराचा भास निर्माण करतात. पूर्वी खात्रीच्या निदानासाठी शिरेतून नळी थेट फुफ्फुसधमनीपर्यंत न्यावी लागे. १९९२ साली फ्रान्समधील डॉ. मार्तीन रेमी-जार्दँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पायरल सी.टी.च्या साहाय्याने या गुठळ्या टिपता येतात हे दाखवून दिले, आणि निदानाची रीतच पालटली.

कोपराजवळच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध वेगाने सोडले जाते. ते फुफ्फुसधमनीत पोहोचते त्याच क्षणी छायाचित्रण सुरू होते. आधुनिक यंत्रास संपूर्ण छातीसाठी काही सेकंद पुरतात. रक्त पांढरे दिसते आणि गुठळी त्यात काळसर पोकळीसारखी उमटते. हृदयाचा उजवा कप्पा डाव्याहून मोठा दिसल्यास हृदयावर ताण आल्याचे कळते. दोन भिन्न ऊर्जांचे किरण वापरणाऱ्या यंत्रांवर फुफ्फुसाच्या कोणत्या भागास रक्त पोहोचत नाही, याचा नकाशाही मिळतो.

तथापि यंत्र एकटे निदान करीत नाही. अमेरिकेतील 'पायोपेड-२' या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गुठळी असलेल्या १०० पैकी सुमारे ८३ रुग्णांत ती सी.टी.वर दिसली. त्यानंतर यंत्रे सुधारली. पण त्या अभ्यासाचा खरा बोध निराळा होता. वैद्याचा अंदाज आणि चित्र जुळले तर निदान भक्कम, न जुळले तर पुढील तपासणी आवश्यक. म्हणूनच सरसकट स्कॅन करणे आम्हांस मान्य नाही. शंका कमी असेल व रक्तातील डी-डायमर प्रमाणात असेल, तर किरणांचा मारा व औषधाचा मूत्रपिंडावरील भार दोन्ही टळतात. गर्भवतीच्या पायास सूज असल्यास आधी पायाची डॉपलर सोनोग्राफी करावी. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णास यंत्राकडे नेण्यापेक्षा खाटेजवळच हृदयाची सोनोग्राफी करून उपचार आरंभणे श्रेयस्कर.

अशा रुग्णास आणताना एका पोटरीस सूज वा वेदना आहे काय, अलीकडे शस्त्रक्रिया, बाळंतपण वा दीर्घ अंथरूण झाले काय, हे आप्तांनी न विचारता सांगावे. मूत्रपिंडाचा विकार, आयोडीनची ॲलर्जी व चालू गोळ्या यांचीही माहिती द्यावी. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णास अनामत रकमेसाठी थांबवता येत नाही; शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला मागाहून आणला तरी चालतो.