मेलेला उंदीर आणि अडलेले विमान

शहागडचा गोदावरीवरील पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. त्याच बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावाचे नाव १९९४ साली जगभरच्या वृत्तपत्रांतून झळकले होते. कारण प्लेग! आपल्या आज्या-पणज्या ज्याला 'गाठीचा ताप' म्हणत, तोच हा रोग.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मामल्यात पिसवांचा उपद्रव फार वाढला. उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ काही लोकांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी आल्या. आदल्या वर्षी ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला होता. त्याच्या धसक्याने लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र घरातच राहिले आणि उंदरांची चंगळ झाली, असे याचे कारण सांगितले जाते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्लेगचे जंतू मुळात उंदरासारख्या प्राण्यांत राहतात आणि पिसवा ते पसरवितात. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधू लागतात. जवळ माणूस असेल तर त्याला चावतात. म्हणून साथीच्या गावात आधी कीटकनाशक फवारून पिसवा मारावयाच्या व मगच उंदरांच्या मागे लागावयाचे, असा क्रम असतो. उलट केले तर आपणच पिसवा अंगावर ओढवून घेतो. मामल्यात फवारणी झाली, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या गेल्या आणि रोग आटोक्यात आला.

सुरतेत मात्र वेगळेच घडले. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे फुफ्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले. हा प्रकार खोकल्यातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो आणि त्वरित उपचार न झाल्यास बहुधा प्राण घेतो. बातमी फुटताच लाखो लोक रेल्वेने, एस.टी.ने शहर सोडून पळाले. त्यात काही डॉक्टरही होते, हे आम्हा वैद्यकीय मंडळींना कबूल केलेच पाहिजे! प्रयोगशाळेचा पक्का निष्कर्ष हाती येण्यास वेळ लागला आणि तोवर अफवा गावोगाव पोहोचली. देशात पन्नासहून अधिक माणसे दगावली. आखाती देशांसह काही देशांनी भारताची विमाने बंद केली, माल अडविला. प्रवासबंदी करा असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले नव्हते, तरीही व्यापाराचे अब्जावधी रुपयांचे नुकसान झाले.

असली भीती जुनीच आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तो हाँगकाँगहून जहाजांतून आला असावा असे मानतात. दुसऱ्याच वर्षी व्हेनिस येथे अनेक देशांची परिषद भरली आणि प्लेगची साथ आल्यास एकमेकांना कळवावे असे ठरले. पण जो कळवील त्याचीच बंदरे ओस पडणार! मग साथ लपविण्याकडे कल होतो. माझ्या मते साथीचा प्रसार जितका जंतूंमुळे होतो, तितकाच या लपवालपवीमुळेही होतो.

१९६९ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत मोजकेच रोग कळविण्याचे बंधन होते. १९९४ च्या अनुभवानंतर ते अपुरे ठरले. २००५ साली सुधारलेले आणि २००७ पासून लागू झालेले नियम सांगतात की, रोग कोणताही असो, घटना गंभीर वाटल्यास देशाने तिची ४८ तासांत छाननी करावी आणि ती इतर देशांनाही धोक्याची ठरू शकते असे दिसल्यास पुढील २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावे. पण दिल्लीला कळणार कोठून? जिल्ह्याकडून. जिल्ह्याला प्राथमिक आरोग्य केंद्राकडून आणि केंद्राला तुमच्याकडून. गावात एकाएकी बरेच उंदीर मरून पडले, किंवा एकाच आळीत चार-पाच जणांना सारखाच ताप आला, तर आशाताईंना वा केंद्रात त्याच दिवशी सांगावे. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये.

आता उलट दिशेचे. पीतज्वर हा रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत आहे, भारतात नाही. पण तो पसरविणारा एडिस डास आपल्याकडे आहेच. डेंग्यू पसरविणाराही तोच. जालन्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्याने घरोघरी ड्रम, टाक्या भरून ठेवाव्या लागतात आणि तेच त्याचे माहेरघर! एक रोगी येथे उतरला तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणूनच त्या देशांतून येणाऱ्याकडे लसीचा दाखला नसल्यास त्याला विमानतळावरून थेट सहा दिवस वेगळे ठेवले जाऊ शकते. लस अधिकृत केंद्रातच मिळते. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. तेव्हा तिकीट काढतानाच लसीचा दिवस ठरवावा. 'टोचल्याशिवाय दाखला मिळेल कां' असे विचारणारेही भेटतात. असा कागद विमानतळावर चालेलही, डासाला तो वाचता येत नाही.

परदेशातून परतल्यावर पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आधी कोठे जाऊन आलो ते सांगावे. गोळीचे नाव नंतर विचारावे.