दुखण्याची गोळी, प्रोटीनचा डबा आणि सिकलसेल

आमच्या खापरखेड्यात अंगदुखीला तोटा नाही. औष्णिक वीज केंद्र, सिल्लेवाड्याची कोळसा खाण आणि भोवतालची ठेकेदारीची कामे, यांमुळे माणूस संध्याकाळी घरी येतो तो कंबर धरूनच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक ही नावे येथे शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. अलीकडे त्यात प्रोटीन पावडरच्या डब्याची भर पडली आहे. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. वैद्यकावर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु घरात जे घडले त्यामुळे डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजले, ते समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

आमचा भाचा एसएस पॅटर्नचा, म्हणजे सिकलसेलग्रस्त आहे. अंगाने किरकोळ. व्यायामशाळेत कोणीतरी त्याला सांगितले की, रोज दोन-तीन चमचे पावडर घे, अंग भरेल. इकडे सांधे दुखायचे म्हणून तो सकाळ-संध्याकाळ दुखण्याची गोळी घेई, तीही चिठ्ठीशिवाय. मे महिन्यात त्याचा चेहरा सुजला, लघवी कमी झाली. नागपूरला नेले तेव्हा क्रिएटिनिन वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळी व पावडर दोन्ही त्याच दिवशी बंद केली. सुदैवाने मूत्रपिंड सावरले. “मामाजी, दोन्ही गोष्टी ताकदीसाठीच तर घेत होतो,” असे तो म्हणाला. त्याचे चुकले होते असे आम्हाला वाटत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आता हे घडते कसे ते पाहू. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सूज व वेदना त्यांच्यामुळे जाणवते, पण जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवणे हेही काम त्यांचेच. अॅस्पिरिन व तत्सम औषधे ही द्रव्येच तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखविले; त्यांना 1982 चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या वाटेने दुखणे थांबते त्याच वाटेने पोट व मूत्रपिंड उघडे पडतात. “सुई घेतली तर पोटाला त्रास नाही” हा आपल्याकडचा समज म्हणूनच चुकीचा आहे. औषध रक्तातूनही तेच करते. जेवणानंतर गोळी घेतल्याने जळजळ कमी होते, अल्सरचा धोका जात नाही. काळी डांबरासारखी शौचास झाली तर उशीर न करता दवाखाना गाठावा.

प्रथिने आणि ही गोळी यांचे पोटात भांडण होते असे नाही. निरोगी तरुणाने दोन-चार दिवस गोळी घेतली, भरपूर पाणी प्याले आणि दूध-डाळ-अंडी खाल्ली तर सहसा बिघडत नाही. अडचण येते ती मूत्रपिंडावर. प्रथिनांचा उरलेला भाग युरिया होऊन तेथूनच बाहेर पडतो. काम वाढते आणि गोळीमुळे रक्तपुरवठा घटतो. त्यात नागपूरचा 45 अंशांचा उन्हाळा. मधुमेह असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे.

सिकलसेलमध्ये हे सारे दुपटीने लागू पडते. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांनी 1958 मध्येच लिहिले होते. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही तो मोठ्या प्रमाणात आहे. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून शरीरातले पाणी लवकर जाते, आणि पाणी कमी झाले की पुन्हा वेदना. वेदना म्हणून गोळी, असे ते चक्र. नुसत्या क्रिएटिनिनवर भरवसा ठेवू नये, कारण बारीक अंगाच्या रुग्णात ते बराच काळ ठीक दिसते. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणीही करून घ्यावी. एएस पॅटर्नच्या मुलांनीही उन्हात, पाण्यावाचून अतिव्यायाम करू नये.

मग ताकदीचे काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला साधारण 42 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम फुटाण्यांत सुमारे 20 ग्रॅम. पावडरच्या एका चमच्यात बहुधा 24-25 ग्रॅम असतात. जेवणावर असे दोन-तीन चमचे म्हणजे किती, हा हिशोब कॅशियरला सांगावा लागत नाही. डबा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्यावा, सुटी पुडी घेऊ नये.

एकाच वेळी दोन वेगवेगळ्या दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल दोन्ही आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळावे, रक्तस्राव वाढतो. सिकलसेलग्रस्ताला ताप आला तर मात्र घरी थांबूच नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, आणि एसएस आहे हे केसपेपर काढतानाच सांगावे.