नामदार गोखले यांचे विधेयक

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात कोतळूक नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. कोकणची भूमी देखणी खरी. परंतु तिच्या खडकाळ उतारांवर पिकणारे भात सर्वांच्या पोटाला पुरत नसे. म्हणून चरितार्थासाठी घाट चढणे कोकणातील कित्येक कुटुंबांना भाग पडे. गोपाळरावांचे वडील कृष्णराव हेही असेच घाटावर गेले आणि कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात लहानशा पगारावर नोकरीस राहिले.

गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे असताना, १८७९ साली, कृष्णरावांचा मृत्यू झाला. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले व दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. एका भावाची शाळा सुटली, तेव्हा दुसऱ्याची चालू राहिली. गोपाळरावांनी काटकसरीने दिवस काढले आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले.

एवढे शिक्षण झालेल्या तरुणाला त्या काळी चांगल्या पगाराची सरकारी नोकरी मिळणे कठीण नव्हते. परंतु गोपाळरावांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे फर्ग्युसन कॉलेज येथे त्यांनी १९०२ सालापर्यंत अध्यापन केले. याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांना गुरू म्हणून लाभले. सरकारी अहवाल कसे वाचावेत, आकडे कसे पारखावेत आणि पुराव्यावाचून एकही विधान कसे करू नये, हे गोखले त्यांच्यापाशी शिकले. या शिक्षणाचा उपयोग त्यांना पुढे कायदेमंडळात झाला.

१८९९ साली गोखले मुंबईच्या प्रांतिक कायदेमंडळाचे सभासद झाले. नंतर सर फिरोजशहा मेहता यांच्या जागी त्यांची निवड व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेमंडळात झाली. कायदेमंडळ म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर लोकांनी निवडून दिलेली सभा येते. ते कायदेमंडळ तसे नव्हते. त्यात सरकारी सभासदांचे बहुमत असे व त्यांना सरकारच्याच बाजूने मत द्यावे लागे. अंदाजपत्रकावर बिनसरकारी सभासदांना बोलता येई; पण मत देऊन त्यातील एक पैसाही कमीअधिक करता येत नसे. जेथे हरणे आधीच ठरलेले, तेथे बोलून काय उपयोग, असे कोणासही वाटावे. गोखल्यांना तसे वाटले नाही.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत त्या वर्षी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती व त्याबद्दल अर्थमंत्र्यांचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी या अभिनंदनात सामील होण्याचे नाकारले. दुष्काळ आणि प्लेग यांनी रयत गांजलेली असताना तिजोरी भरलेली असणे, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जात आहे, असे त्यांनी आकडे देऊन दाखविले. गरिबाच्या मिठावरील कर कमी करा, ही त्यांची आग्रहाची मागणी होती. या व पुढच्या भाषणांसाठी आकडेवारी तपासण्याच्या कामी त्यांना सोलापूरचे अभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी यांचे मोठे साहाय्य झाले. मिठावरील कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. मताचा अधिकार नसतानाही सत्याला धरून केलेल्या युक्तिवादात किती सामर्थ्य असते, हे यावरून दिसून येते.

परंतु गोखल्यांच्या मनात सर्वांत खोल रुजलेला विषय होता तो शिक्षणाचा. ब्रिटिश हिंदुस्थानात दर शंभर माणसांमागे प्राथमिक शाळेत जाणारी मुले दोनही नव्हती. याउलट, बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात १८९३ साली सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ साली तो सर्व राज्यात लागू केला होता. एका संस्थानिकाला जे जमले ते बलाढ्य ब्रिटिश सरकारला का जमू नये, हा गोखल्यांचा प्रश्न होता.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय सौम्य होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावा. मात्र ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच व सरकारच्या अनुमतीने तो वापरला जावा, असे त्यात म्हटले होते. मासिक दहा रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ असावी, अशीही त्यात तरतूद होती. पुढे मुलींनाही हा कायदा लागू करता यावा, अशी सोय ठेवलेली होती.

विधेयकावर आक्षेपांचा वर्षाव झाला. पैसा कोठून आणावयाचा, असे कोणी विचारले. लोकांना सक्ती रुचणार नाही, असे कोणी म्हटले. मुले शाळेत गेली तर शेतात राबण्यास मजूर मिळणार नाहीत, अशी भीती काही जमीनदारांना वाटत होती. गोखल्यांनी प्रत्येक आक्षेपाला शांतपणे उत्तर दिले. पंडित मदनमोहन मालवीय, बॅरिस्टर जिना यांच्यासारख्या सभासदांनी त्यांना पाठिंबा दिला. सरकारच्या वतीने शिक्षणखात्याचे प्रमुख सर हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. हे विधेयक अधिक विचारासाठी निवडक सभासदांच्या समितीकडे सोपवावे, एवढीच गोखल्यांची मागणी होती. १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली गेली. बाजूने १३ मते पडली व विरुद्ध ३८. विधेयक फेटाळले गेले.

हा निकाल गोखल्यांना अनपेक्षित नव्हता. त्यांनी कोणावर दोषारोप केला नाही, की संतापाचा एक शब्दही उच्चारला नाही. हे विधेयक पुन्हा पुन्हा परत येईल आणि एक दिवस त्यातूनच कायदा उभा राहील, असा विश्वास त्यांनी त्याच सभागृहात प्रकट केला. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.

मात्र विधेयक खरोखरच परत आले. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात नगरपालिकांना तसा अधिकार देणारा कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केली. शेवटी २००९ साली संसदेने शिक्षणहक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीचा शिक्षणावरील हक्क अमलात आला. तेरा मतांनी सुरू झालेल्या या वाटचालीस सुमारे शंभर वर्षे लागली.

मुलांनो, लोकप्रतिनिधीची थोरवी केवळ त्याने जिंकलेल्या मतांवरून ठरत नाही. ज्यांना सभागृहात बोलता येत नाही त्यांच्या बाजूने तो अभ्यासपूर्वक व निर्भयपणे बोलला की नाही, हेही पाहावे लागते. आपल्या वर्गात आज गरिबांची मुले आणि मुली एकाच बाकावर बसून धडा वाचतात. त्या दिवशी हरलेल्या विधेयकाचा विजय तो हाच.

स्वाध्याय

१. गोखल्यांचे शिक्षण चालू राहावे म्हणून गोविंदरावांनी काय केले?
२. वरिष्ठ कायदेमंडळात बिनसरकारी सभासदांवर कोणती बंधने होती?
३. सरकारी तिजोरीतील शिल्लक पाहून गोखल्यांना आनंद का झाला नाही?
४. १९११ च्या विधेयकास ‘सौम्य’ का म्हटले आहे? त्यावर कोणते आक्षेप घेण्यात आले?
५. ‘हरलेल्या विधेयकाचा विजय’ या शब्दांचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.